अमेरिकेतला उजवा टॉक रेडिओ: टॅरिफ तेव्हा वाईट होतं, मग आता चांगलं कसं झालं?

मूळ लेख: प्रेअरीवरून

२५ एप्रिल १९८७ला शनिवारच्या रेडिओ भाषणात राष्ट्राध्यक्ष रेगन आयात शुल्कावर, म्हणजे टॅरिफवर, बोलले. जपानचे पंतप्रधान नाकासोने भेटीला यायचे होते आणि सेमीकंडक्टरच्या भांडणात रेगननी नुकतंच काही जपानी मालावर शुल्क बसवलं होतं. ते का बसवावं लागलं हे सांगून झाल्यावर उरलेला बहुतेक वेळ त्यांनी शुल्काचे तोटे सांगण्यात घालवला. सुरुवातीला देशप्रेम वाटतं, काही दिवस बरंही चालतं, मग समोरचा देश उलट शुल्क लावतो, बाजार आक्रसतो, माणसं घरी बसतात. १९३०चा स्मूट-हॉली कायदा आणि मंदीची आठवणही त्यांनी काढली.

ऑक्टोबर २०२५मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या सरकारने याच भाषणाचे तुकडे घेऊन टीव्हीवर जाहिरात केली. ट्रंप यांनी त्यावरून कॅनडाशी चाललेली व्यापार बोलणीच थांबवली. रेगन फाउंडेशननेही जाहिरातीवर आक्षेप घेतला. तुकडे कसे जोडले यावर वाद घालता येईल, पण मूळ भाषण जेमतेम पाच मिनिटांचं आहे आणि त्याचा रोख कुणालाही कळेल असा आहे.

मला यातली रेडिओची बाजू महत्त्वाची वाटते. रेगन मुळात रेडिओचा माणूस. १९३०च्या दशकात ते आमच्या आयोवातल्या डेमॉइनच्या डब्ल्यूएचओ रेडिओ केंद्रावर क्रीडा समालोचक होते. शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या सामन्याच्या तारा यायच्या आणि हे स्टुडिओत बसून, समोर मैदान असल्यासारखं वर्णन करायचे. पुढे गव्हर्नरपद संपल्यावर १९७५ ते १९७९ या काळात त्यांनी हजारावर छोटी रेडिओ भाष्यं केली, त्यातली बरीचशी स्वतःच्या हाताने लिहिलेली. कर कमी, सरकार आटोपशीर, बाजार मोकळा ही मांडणी त्यांनी व्हाइट हाऊसच्या आधी मायक्रोफोनसमोर घोटून घेतली होती.

त्यानंतर आले टॉक रेडिओवरचे, म्हणजे गाण्यांऐवजी राजकारणावर बोलणाऱ्या रेडिओवरचे, रश लिंबॉ. मिसूरीतल्या केप जिरार्डोचा हा माणूस १९८४मध्ये सॅक्रमेंटोच्या केएफबीके केंद्रावर गाजला आणि १ ऑगस्ट १९८८पासून न्यूयॉर्कहून देशभर ऐकू येऊ लागला. रोज दुपारी तीन तास. संगीत तोवर एफएमवर निघून गेलं होतं, एएमची (मिडियम वेव्हची) केंद्रं ओस पडत चालली होती आणि त्यांना दुपारी काय लावावं हा प्रश्न होता. लिंबॉचा कार्यक्रम केंद्रांना फुकट मिळायचा, बदल्यात जाहिरातींची काही मिनिटं त्यांच्या कंपनीला द्यायची. या सौद्यावर सहाशेहून जास्त केंद्रं जोडली गेली. १९९४ला रिपब्लिकनांनी चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृह जिंकलं, तेव्हा नव्याने निवडून आलेल्या खासदारांनी लिंबॉला आपल्या तुकडीचं मानद सदस्य केलं.

आता अर्थकारणाकडे येतो. १९९३मध्ये नाफ्ता या अमेरिका-कॅनडा-मेक्सिको व्यापारकराराच्या वादात लिंबॉ कराराच्या, खुल्या व्यापाराच्या बाजूने होते. २००८मध्ये बँका वाचवायला ७०० अब्ज डॉलर द्यायचं विधेयक आलं, तेव्हा बहुतेक सगळा उजवा रेडिओ त्यावर तुटून पडला. २९ सप्टेंबरला प्रतिनिधीगृहाने ते २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळलं आणि डाउ हा शेअर निर्देशांक त्या दिवशी ७७७ अंकांनी कोसळला. ओबामांच्या काळात राष्ट्रीय कर्ज हा रोजचा विषय. नातवंडांच्या डोक्यावर कर्ज ठेवताय, असं मी कित्येक वर्षं ऐकलं.

मग जुलै २०१९मध्ये लिंबॉ स्वतःच कार्यक्रमात म्हणाले की आता काटकसरवादी कुणीच उरलेला नाही आणि तुटीबद्दलची ती सगळी चर्चा पहिल्यापासून पोकळच होती. ज्या माणसाने तीस वर्षं ही चर्चा चालवली, त्याच्या तोंडचं वाक्य आहे हे. त्यावरून श्रोत्यांनी बंड केलं नाही. २०२५च्या जुलैत जो मोठा कर-कायदा झाला, त्याने दहा वर्षांत तूट ३.४ लाख कोटी डॉलरनी वाढेल असा संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशोब आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये कर्ज ३८ लाख कोटींवर गेलं. मी गाडीत जे ऐकतो त्यात या आकड्याला पूर्वीच्या निम्म्यानेही वेळ मिळत नाही.

२ एप्रिल २०२५ला ट्रंप यांनी जवळपास सगळ्या देशांवर शुल्क जाहीर केलं. त्या आठवड्यात सगळे एका सुरात बोलले असं मात्र नाही. उजवे सूत्रधार बेन शपिरो आणि अटलांटाचे एरिक एरिक्सन यांनी उघड टीका केली. शॉन हॅनिटी ट्रंप यांच्या मागे ठाम उभे राहिले. पण वाहत्या धारेत सूर असा होता की थोडी कळ सोसा, हा माणूस सौदा करतोय.

माझं मत सांगतो. उजव्या रेडिओने श्रोत्याला कधीच अर्थशास्त्र दिलं नाही. त्याने सोबत दिली. शहरातली वर्तमानपत्रं ज्यांना मोजत नव्हती, अशा माणसाच्या शेजारी रोज तीन तास बसणारा एक आवाज दिला. ही मोठी गोष्ट आहे आणि तिला हिणवणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण सोबत हाच पाया असल्यामुळे धोरण उलटं फिरलं तरी श्रोता जागचा हलत नाही. आणि फिरलेल्या धोरणाची किंमत त्यालाच मोजावी लागते, हे त्याला त्या तीन तासांत कुणी स्पष्ट सांगत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हे लोक माझे शेजारी आहेत.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः जे नियमित ऐकतात त्यांचे.

---

ह्यूस्टनकर

धागा चांगला आहे, पण निष्कर्षाशी असहमत. मी वीस-बावीस वर्षं ऐकतोय आणि बहुतेक वेळा रिपब्लिकनांना मत देतो, म्हणून बाजू मांडतो.

रेगन खुल्या व्यापाराचे पुजारी होते हे अर्धंच चित्र झालं. १९८१मध्ये त्यांच्याच दबावामुळे जपानने अमेरिकेत येणाऱ्या मोटारींवर स्वतःहून मर्यादा घातली. १९८३मध्ये मोठ्या जपानी मोटरसायकलींवरचं शुल्क त्यांनी ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेलं, हार्ले-डेव्हिडसनला सावरायला वेळ मिळावा म्हणून. भाषणात तत्त्व आणि टेबलावर सौदा, हे तेव्हाही होतंच.

दुसरं, १९९३ आणि २०२५ यांच्या मध्ये डिसेंबर २००१ आहे. चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि ओहायो, मिशिगन, नॉर्थ कॅरोलायनातल्या गावांचे कारखाने गेले. फर्निचरचे, कापडाचे, सुट्या भागांचे. अर्थतज्ज्ञ सांगत होते की नवीन नोकऱ्या येतील. त्या आल्या, पण दुसऱ्या शहरात आणि दुसऱ्या माणसांना. रेडिओवर फोन करणारे हे लोक होते. सूत्रधारांनी श्रोत्यांना फिरवलं असं तुम्ही म्हणता. मला वाटतं श्रोते आधी फिरले आणि सूत्रधार धापा टाकत मागून आले. २००७चं उदाहरण घ्या. बुश स्वतः रिपब्लिकन, त्यांचं स्थलांतर विधेयक. रेडिओवर फोनांचा असा पूर आला की २८ जूनला सिनेटमध्ये ते ४६-५३ने अडकलं. त्यांच्याच पक्षाचे ट्रेंट लॉट वैतागून म्हणाले होते की टॉक रेडिओच देश चालवतोय. आपल्याच राष्ट्राध्यक्षाला आडवं घालणारा श्रोता नुसता सोबतीला बसलेला नसतो.

---

न्यूजर्सीची

ह्यूस्टनकरांच्या मुद्द्याला आमच्याकडून एक जोड. १९९०मध्ये गव्हर्नर जिम फ्लोरिओ यांनी २.८ अब्ज डॉलरची करवाढ आणली. विक्रीकर सहाचा सात टक्के झाला आणि टॉयलेट पेपरसारख्या आधी वगळलेल्या वस्तूंवरही लागला. त्याच वर्षी ट्रेंटनजवळून एनजे १०१.५ हे बोलकं केंद्र सुरू झालेलं होतं, तेही एफएमवर. त्यांनी हा विषय इतका लावून धरला की लोक टॉयलेट पेपरची भेंडोळी घेऊन निदर्शनाला जाऊ लागले. १९९३ला फ्लोरिओ हरले आणि क्रिस्टीन टॉड व्हिटमन आल्या.

एडिसनमध्ये घर घेतलेल्या कुठल्याही मराठी माणसाला मालमत्ता करावर बोलतं करा, तो तासभर बोलेल. हे केंद्र त्याच विषयावर पोसलं गेलं. वॉशिंग्टनचं काही नाही. शाळेचं बजेट, टोल, रस्त्याची डागडुजी. मी राजकीयदृष्ट्या दुसऱ्या टोकाची, पण सकाळी टर्नपाइक महामार्गावर अडकले की तेच लावते, कारण माझ्या गावाबद्दल बोलणारं दुसरं कुणी नाही. सूत्रधाराला तुमचं गाव माहीत असलं की त्याला सहज बाजू बदलता येत नाही. करवाढ वाईट म्हणणाऱ्याने उद्या ती चांगली म्हटली, तर संध्याकाळी दुकानात त्याला लोक गाठतील.

---

कायदेकानू

लेखात फेअरनेस डॉक्ट्रिनचा उल्लेख राहिला, त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

एफसीसी या अमेरिकेच्या प्रसारण नियामक संस्थेने १९४९मध्ये हा नियम केला: सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त विषयांना केंद्राने वेळ द्यायचा आणि विरुद्ध बाजूही ऐकवायची. १९६९मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या एका छोट्या केंद्राचा रेड लायन खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. एका धर्मोपदेशकाने कार्यक्रमात एका लेखकावर हल्ला चढवला होता आणि लेखकाने उत्तरासाठी वेळ मागितला होता. न्यायालयाने एकमताने नियम उचलून धरला. युक्तिवाद असा की लहरी मर्यादित आहेत आणि हक्क आधी ऐकणाऱ्याचा. १९८७च्या जूनमध्ये संसदेने याचा कायदाच करायचा ठरवला, रेगननी नकाराधिकार वापरला आणि ऑगस्टमध्ये एफसीसीने नियम सोडून दिला. लिंबॉ बरोबर वर्षभराने देशभर पोचले.

तरी सगळं श्रेय या एका निर्णयाला देणं मला पटत नाही. उपग्रहामुळे एक कार्यक्रम शेकडो केंद्रांना देणं स्वस्त झालं, एएम रिकामं होतं, फुकट फोन क्रमांक आले. आणि १९९६चा दूरसंचार कायदा तर कुणी आठवतच नाही. आधी एका मालकाला देशभरात चाळीसच केंद्रं ठेवता यायची. ती मर्यादा उठली आणि क्लिअर चॅनल ही कंपनी बाराशेच्या आसपास केंद्रांवर गेली. स्थानिक सूत्रधाराला पगार देण्यापेक्षा उपग्रहावरून येणारा कार्यक्रम लावणं परवडू लागलं. न्यूजर्सीची यांनी सांगितला तसा गाव माहीत असलेला सूत्रधार दुर्मीळ झाला तो यामुळे. डाव्यांनी २००४मध्ये एअर अमेरिका हे स्वतःचं टॉक रेडिओ जाळं काढून पाहिलं, २०१०च्या जानेवारीत ते बंद पडलं.

---

प्रेअरीवरून (धागाकर्ता)

@ह्यूस्टनकर, २००७चा मुद्दा वजनदार आहे. पण विस्कॉन्सिनही बघा. २०१६च्या रिपब्लिकन उमेदवारीच्या प्राथमिक फेरीत मिलवॉकीचे चार्ली साइक्स आणि तिथले इतर उजवे सूत्रधार ट्रंप यांच्या विरोधात होते. साइक्सनी तर ट्रंप यांना फोनवर घेऊन, मी तुमच्या विरोधात आहे, असं तोंडावर सांगितलं. ५ एप्रिलला तिथे टेड क्रूझ जिंकले. म्हणजे स्थानिक आवाज ठाम राहिला तर श्रोता ऐकतो. पण नोव्हेंबरपर्यंत वारं फिरलं, साइक्सना त्यांच्याच श्रोत्यांकडून रोज शिव्या पडू लागल्या आणि वर्षअखेर त्यांनी कार्यक्रम सोडला. वीसेक वर्षांची सोबत एका हंगामात संपली. तुम्ही म्हणता तसे श्रोते पुढे असतीलही, पण मागे राहणाऱ्या सूत्रधाराला त्याची काय किंमत पडते हे सगळ्यांनी पाहिलं. मायक्रोफोनसमोर बसणारा प्रत्येकजण ते लक्षात ठेवून बसतो.

---

सराफकट्टा

मी व्यवसायाने हिशोबनीस, त्यामुळे कान जाहिरातींकडे जातो. एक तास नीट ऐका. वर बातम्या, मग सूत्रधाराचं दहा-बारा मिनिटं बोलणं: डॉलर घसरतोय, फेडरल रिझर्व्ह नोटा छापतंय, कर्जाचा डोंगर. आणि मग श्वासही न घेता, त्याच आवाजात, त्याच आपुलकीने: माझ्या ओळखीची एक कंपनी आहे, निवृत्तीचे पैसे सोन्यात टाका. ऐकणाऱ्याला भाष्य कुठे संपलं ते कळत नाही. भीती आणि तोडगा एकाच तोंडातून येतात.

हे जुनं आहे. १९३०च्या दशकात मिशिगनचे फादर कॉफलिन रेडिओवर लाखोंना सांगायचे की चांदीचं नाणं आणा, मंदी हटेल. (पुढे ते उघड ज्यूद्वेषाकडे गेले, तो वेगळा आणि वाईट अध्याय.) १९३४मध्ये अर्थखात्याने चांदीच्या साठेदारांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा कॉफलिन यांच्या सचिवाच्या नावावर त्यांच्याच संस्थेची पाच लाख औंस चांदी निघाली. अलीकडचं उदाहरण गोल्डलाइन या सोनं विकणाऱ्या कंपनीचं. उजवे सूत्रधार ग्लेन बेक यांच्या कार्यक्रमाची ही मोठी जाहिरातदार; सँटा मोनिका शहराने खटला भरला आणि २०१२मध्ये कंपनीने ग्राहकांना परतावे द्यायचं कबूल करून तडजोड केली. आक्षेप सोन्यावर नव्हता. साधं सोनं सोडून जुनी नाणी म्हणून भरमसाट चढ्या भावाने गळ्यात मारली जातात, यावर होता.

---

ह्यूस्टनकर

@सराफकट्टा, जाहिरातींबद्दल सहमत, मलाही त्या खटकतात. पण ऑक्टोबर २०२५मध्ये सोनं औंसाला ४,००० डॉलरच्या वर गेलं हेही सांगा. ज्याने ऐकून साधं सोनं घेतलं तो आज हसतोय.

---

सराफकट्टा

ज्याने २०११ला १,९०० डॉलरच्या शिखरावर घेतलं, त्याने २०१५ अखेर १,०५०चा भावही पाहिला. साठीतल्या माणसाने ती चार वर्षं काढायची कशी, आणि औषधपाण्यासाठी मध्येच विकावं लागलं तर काय? घाईने विकलेल्यांचे कर-विवरण मी भरलेले आहेत. चढ्या भावाने घेतलेली नाणी विकायला गेल्यावर फक्त वजनाचे पैसे मिळतात, तेव्हा त्या माणसांचा चेहरा बघवत नाही.

---

लकडीपूल

भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या आणि राजकीय चर्चा करायला आजही परवानगी नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं लावता येतं. त्यामुळे पुण्यात गाडीत रेडिओ लावला की गाणी आणि विनोद. हा धागा वाचून दोन्हीकडचं टोक दिसलं. मला आमची बंदीही चुकीचीच वाटते. पाणीकपात आणि खड्ड्यांवर रोज तासभर फोन घेणारं एखादं केंद्र पुण्यात हवंच होतं.

---

न्यूजर्सीची

१९ सप्टेंबर २०२५ला एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. त्यानंतरच्या आठवड्यात मी मुद्दाम राष्ट्रीय कार्यक्रम ऐकले. फोन करणारा एक माणूस सांगत होता की कंपनीने त्याला काढलं आणि काढण्याआधी त्याच्या जागी येणाऱ्याला त्याच्याकडूनच काम शिकवून घेतलं. त्याचा आवाज खरा होता. पण पुढची वीस मिनिटं कंपनीबद्दल एक शब्द नाही, फक्त आपल्या भारतीय लोकांबद्दल. ह्यूस्टनकर, तुम्ही हे ऐकताना काय वाटतं? खरंच विचारतेय.

---

ह्यूस्टनकर

वाईट वाटतं. मी स्वतः त्याच व्हिसावर आलो. एकदा अशा कार्यक्रमाला फोनही केला होता. फोन चाळून घेणारा माणूस आधी नाव, गाव आणि मुद्दा विचारतो, मग ताटकळत ठेवतो. माझा नंबर लागला, सूत्रधाराने शांतपणे ऐकून घेतलं, आभार मानले आणि पुढचा फोन घेतला. वाद झाला नाही, उत्तरही मिळालं नाही. करांवर, शाळांवर, सरकारच्या आकारावर माझं मत अजून त्यांच्याच बाजूचं आहे. या एका विषयावर मात्र मी आवाज बंद करतो.

---

मांजराकाठ

मी लातूर जिल्ह्यात सोयाबीन करतो, रेडिओचं राजकारण मला माहीत नाही. पण आयोवा म्हटल्यावर राहवलं नाही. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेचे व्यापारमंत्री लटनिक म्हणाले की भारतात एवढे १४० कोटी लोक, मग आमचा एक बुशेल (अमेरिकी धान्यमाप) मका का घेत नाहीत. आमच्याकडे त्यावर बरीच चर्चा झाली. २०२५-२६चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली विकावं लागलं. त्यात तुमचा माल आला तर आम्ही संपलो. तिकडच्या शेतकऱ्याला त्याचा रेडिओ आमच्याबद्दल काय सांगतो? आणि चीनने घेणं बंद केल्यावर त्याने काय केलं?

---

प्रेअरीवरून (धागाकर्ता)

@मांजराकाठ, तुमच्याबद्दल राष्ट्रीय कार्यक्रम काहीच सांगत नाहीत. भारत म्हणजे मोठं शुल्क लावणारा देश, एवढंच. पाच-दहा एकरांवर घर चालतं हे मी शेजाऱ्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ प्रश्न विचारत राहिला. त्याच्याकडे बाराशे एकर आहेत आणि तरीही २०२५चं पीक तोट्यात गेलं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे. मे २०२५नंतर चीनने अमेरिकेचं सोयाबीन जवळपास घेतलंच नाही, सगळं ब्राझीलकडून उचललं. ऐन सुगीत इथल्या साठवणीच्या कोठ्यांमध्ये माल पडून होता. शिकागोचा भाव बुशेलला १० ते ११ डॉलर, म्हणजे आपल्या हिशोबात क्विंटलला साधारण ३,२०० ते ३,६०० रुपये. बियाणं, खत आणि यंत्रांचे हप्ते वाढलेले. ३० ऑक्टोबरला ट्रंप आणि चीनचे शी जिनपिंग दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये भेटले, चीनने वर्षअखेरपर्यंत १.२ कोटी टन घ्यायचं कबूल केलं. डिसेंबरमध्ये सरकारने शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. २०१८-१९च्या व्यापारयुद्धातही अशीच २८ अब्जांपर्यंतची मदत जाहीर झाली होती.

गंमत नाही, पण लक्षात घेण्यासारखं आहे: ही सगळी माहिती इथल्या शेतकऱ्याला रेडिओवरूनच मिळते. दुपारच्या शेतीविषयक कार्यक्रमात बाजारभाव सांगणारे लोक ब्राझीलची पेरणी, बंदरांवरचा माल, चीनची खरेदी सगळं आकड्यांसकट सांगतात. त्यात कुणाची बाजू नसते. तासाभराने त्याच लहरीवर राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होतो आणि त्यात सौदा जिंकल्याचं सांगतात. शेजारी दोन्ही ऐकतो. माल कधी विकायचा हे पहिल्यावरून ठरवतो, मत कुणाला द्यायचं ते दुसऱ्यावरून.

त्याला मी सरळ विचारलं होतं, ब्राझीलला गेलेलं गिऱ्हाईक परत येईल का? तो म्हणाला, २०१८ला गेलेलं सगळं कुठे आलं.

तुमच्याकडे खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट अजून बारा टक्केच आहे का? मागे ती पंधरावर नेल्याचं वाचलं होतं. इथे तेराच्या वर गेलं की भाव कापतात, आणि शेजाऱ्याला हे ऐकायचं आहे की तिकडे कसं करतात.